तीन जारांचा समुद्र

अक्का,

तुझं मीठ मी तुझ्याबरोबर पुरलं. हे आधी सांगून टाकतो. बाकी जे सांगायचं आहे ते सगळं ह्याच्याच मागून येतं, आणि हे आधी नाही सांगितलं तर पुढचं काहीच सांगण्याचा धीर मला होणार नाही.

परवा तुला लातूरहून उदगीरला घरी आणलं. मळ्यात खड्डा खणून झाला होता. आपल्या लिंगायतांत देह जाळत नाहीत, मातीत बसवतात. बेलाची पानं, विभूती आणि मीठ लागतं. आप्पांच्या मागे आता काकाच घरातले वडीलधारे, त्यामुळे तेच सगळं बघत होते. दारात उभं राहून त्यांनी मला विचारलं, "बसू, मीठ आणलंस का?"

मी आणलं नव्हतं. माझ्या लक्षातच नव्हतं. दुकानं उघडायला अवकाश होता आणि स्वामी घाई करत होते. मी म्हणालो, "अक्काच्या खोलीत पांढरा ड्रम आहे. मीठच आहे त्यात."

असं सहज निघालं तोंडातून. कोणीतरी ड्रम उचलून टेम्पोत ठेवला. खड्ड्यात तुला मांडी घालून बसवलं, हातात तुझं इष्टलिंग दिलं आणि ते मीठ तुझ्याभोवती ओतलं. स्वामी म्हणाले, "बारीक अन् स्वच्छ आणलं मीठ. चांगलं केलं." मला त्या क्षणी बरं वाटलं, अक्का. तुझ्यासाठी एक तरी गोष्ट नीट झाली असं वाटलं.

संध्याकाळी घरी येऊन तुझ्या खोलीत गेलो. तुझ्या टाकीचा पंप गुरगुरत होता. शेजारी फरशीवर ड्रमाच्या बुडाचा गोल ठसा होता. त्या ठशाकडे पाहिलं तेव्हा कळलं मी काय दिलंय. ते मीठ नयीमनं हैदराबादहून पाठवलेलं, तुझ्या समुद्राचं होतं. पाणी बदलायला घरात तेवढंच होतं. तुला ठाऊक असतं तर तू खड्ड्यातून उठून मला हाणलं असतंस.

मी तिथंच खाली बसलो. हसू आलं आणि मग जे आलं ते थांबेना.

लोक विचारतात, अक्काला हे माशांचं वेड कुठून लागलं. मी त्यांना सांगत बसत नाही. तू नांदेडला ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचीस. प्रवाळाचं चित्र तू इतक्या वर्षांत किती वेळा फळ्यावर काढलं असशील, देव जाणे. इवलंसं तोंड, भोवती हात, खाली चुन्याचं घर. पण जिवंत काही तू पाहिलं नव्हतंस. मग तुझ्या किडन्यांनी हात टेकले, तू नोकरी सोडून माझ्याकडे राहायला आलीस आणि आपला लातूरचा फेरा सुरू झाला. आठवड्यातून दोनदा डायलिसिस. जाताना तू गप्प आणि येताना मी गप्प.

नयीम तुला भेटायला आला तो त्या पहिल्या हिवाळ्यात. तुझा विद्यार्थी, बारावीत तुझ्या विषयात काठावर पास झालेला आणि आता हैदराबादेत माशांचं मोठं दुकान थाटून बसलेला. पलंगाजवळ खुर्ची ओढून म्हणाला, "मॅडम, तुम्ही शिकवलेलं सगळं इसरलो. पन तुम्ही फळ्यावर काढायच्या ना ते, ते आता माझ्याकडं काचंत हाय. खरं."

तू उठून बसलीस. डायलिसिसच्या दुसऱ्या दिवशी तू कधी उठून बसत नसायचीस.

पुढच्या खेपेला तो दगड घेऊन आला. थर्माकोलचा खोका, आत ओले वर्तमानपत्राचे कागद, त्यांत गुंडाळलेला खडबडीत, भोकाभोकांचा दगड. मी म्हणालो, "नयीम, ह्यासाठी हैदराबादहून आलास? आमच्या मळ्यात चल, ट्रॅक्टरभर देतो."

"बसूअण्णा, ह्याला दगड नक्को म्हनू. मोहल्ला हाय हा. प्रत्येक भोकात कोनी ना कोनी ऱ्हातंय."

समुद्रातून असा दगड तोडून आणणं गुन्हा आहे, म्हणून हा तसला नाही ना, हे तू त्याला आधी दोनदा विचारून घेतलंस. त्यानं कानाला हात लावला. हा त्याच्या दुकानातल्या जुन्या टाकीत वर्षानुवर्षं पडून जिवंत झालेला, वरून बिलही देतो म्हणाला. तेव्हा कुठे तू त्याला चहा दिलास.

टाकी लहानच. माझ्या पाण्याच्या प्लांटवरचे तीन जार पाणी तिच्यात बसलं. तू भावजयीकडून, सुनंदाकडून, मोठं पातेलं मागून घेतलंस आणि त्यात मीठ कालवलंस. काचेचा काटा पाण्यात तरंगत ठेवून किती खारट झालंय ते बघत बसलीस. मीठ विरघळेपर्यंत पाण्याला हात लावू द्यायची नाहीस. मग खाली वाळू, त्यावर दगड, मागून हळूहळू पाणी. मला वाटलं झालं, आता मासे. तू म्हणालीस, "आता मुरू दे."

आणि मग वास सुटला. आठवतं ना? सुनंदा नाकाला पदर लावून दारात उभी. "अहो अक्का, काय मेलंय हो ह्याच्यात?"

"मरायलंय ते मरू दे, सुनंदा. प्रवासात दमलेलं, हवा लागलेलं, सगळं मरणार. त्या मेलेल्यावर दुसरं जगंल. जे उरंल ते आपलं."

मी ते ऐकत होतो. तू दगडाबद्दलच बोलत होतीस का, हे मी तेव्हा विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

आठवडे गेले तरी टाकीत नुसता दगड. समोरच्या पार्वतीबाई बघायला आल्या, वाकून वाकून पाहिलं. "मासे कुठायत?"

"दगड मुरायलाय अजून."

"लोणचं हाय का काय माय!"

तू इतकी हसलीस की तुला धाप लागली. मग एके दिवशी तू मला हाक मारलीस, भिंग हातात दिलंस आणि म्हणालीस, "त्या भोकाकडं बघ. श्वास रोखून बघ." मला बराच वेळ काही दिसलं नाही. तू माझी मान धरून वळवलीस, लहानपणी गणित दाखवताना धरायचीस तशी. तेव्हा दिसला, केसाएवढ्या दांड्यावर उघडलेला एक पिसारा. मी जोरात "अगं!" म्हणालो आणि तो पटकन आत गेला. तू चिडलीस. पण पुढे कितीतरी दिवस तू येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचीस, "आमच्या बसूनं पाहिलं."

त्यानंतर उन्हाळा आला आणि तो किती वाईट आला हे तुला मी काय सांगू. लातूरला रेल्वेनं पाणी आणायची पाळी आली. आपल्याकडे नळ कधी यायचा हे नळालाही माहीत नव्हतं. बोअरवर बोअर आटत होते. माझा मात्र धंदा असा की दुष्काळात वाढतो. जमिनीतलं मचूळ पाणी वर ओढायचं, मशिनमधून गाळून गोड करायचं आणि जारमधून घरोघरी पोचवायचं. सकाळी प्लांटसमोर रांग लागायची, आणि घरात, त्याच गल्लीत, तू त्याच पाण्यात मीठ टाकत होतीस.

लोक बोलायला लागले. मला ते सहन झालं नाही. मी जिल्हा कृती समितीत होतो, उदगीरचा वेगळा जिल्हा व्हावा म्हणून चौकात भाषणं करत होतो, आणि मागून कोणीतरी बारीक आवाजात म्हणायचं, "अण्णांच्या घरी समुद्र हाय म्हणं." एके दिवशी मी घरी येऊन तुझ्यावर ओरडलो.

"लोकांना प्यायला न्हाई अक्का, अन् तू गोडं पाणी खारं करून राहिलीस!"

"तू खारं पाणी गोड करतोस. मी त्यातलं चार तांबे परत खारं करते. बिघडलं कुठं?"

"चेष्टा नको करू. मला तोंड दाखवायचं असतं लोकांना."

"मग तोंड दाखवायच्या आधी प्लांटच्या मागची नाली दाखव त्यांना. एक जार गाळताना एक जार मशीन बाहेर टाकतंय. ते कुठं जातंय रे?"

 ते नालीतच जात होतं. इतकी वर्षं जात होतं आणि मला त्याची सवय झाली होती. दुसऱ्या दिवशी मी मागच्या बाजूला टाकी बसवली, तोटी लावली आणि भांड्याधुण्याला लोकांनी ते फुकट न्यावं असा बोर्ड लावला. लोक मला दुवा देतात, अक्का. तो बोर्ड तुझा आहे, हे मी आजपर्यंत एकालाही सांगितलं नाही.

जिल्ह्याचं आपलं भांडण तसंच राहून गेलं. मला खरंच वाटत होतं, अजूनही वाटतं, की जिल्हा झाला तर मोठं सरकारी हॉस्पिटल इथं येईल आणि तुला त्या उन्हात लातूरला न्यावं लागणार नाही. मी ते तुला कधी नीट सांगितलं नाही. भाषणात सांगितलं. तू खिडकीतून ऐकायचीस आणि मी घरी आलो की म्हणायचीस, "तुझा जिल्हा होईस्तोवर माझ्या किडनीला थांबाय सांग." मी रागवायचो. एकदाही म्हणालो नाही की अक्का, मी हे सगळं तुझ्यासाठीच करून राहिलो. म्हणालो असतो तर तू काय बोलली असतीस ते मला माहीत आहे. तरी म्हणायला हवं होतं.

आता त्या गोष्टीपाशी येतो जिच्यापासून मी पळतोय.

तुला पाणी मोजून द्यायचं होतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, पाणी कमी आणि मीठ त्याहून कमी. दिवसभराचं पाणी एका बाटलीत भरून ती मी तुझ्या उशाशी ठेवायचो. ती संपली की संपली. उन्हाळ्यात ती दुपारीच संपायची. मग तू वेलदोडा चघळायचीस, ओल्या फडक्यानं ओठ पुसायचीस. दिवसभर मी अख्ख्या गावाला पाणी वाटायचो आणि घरी आलो की बहिणीच्या बाटलीवर पहारा करायचो. बोअरवर राखणीला बसलेला माणूससुद्धा इतका चिकट नसेल.

एकदा मी तुला टाकीत वाटीनं पाणी घालताना पाहिलं. टाकीतलं पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं, म्हणून वरून साधं गोडं पाणी घालायचं, हे तू सुनंदालाही शिकवलं होतंस. पण त्या दिवशी तू उगीचच घालत होतीस. थोडं काढायचीस, परत वरून सोडायचीस. मी विचारलं, "काय चाललंय?"

"आवाज ऐकते."

मी तिथंच उंबऱ्यावर बसलो. तूच म्हणालीस, "मला प्यायला न्हाई तर न्हाई, बसू. ओतायला तरी असू दे."

त्यानंतर मी टाकीच्या पाण्यावरून तुला एक शब्द बोललो नाही. एवढं एकच मी बरोबर केलं असेल.

शेवटी लातूरला तू पलंगावर होतीस. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "आता पथ्याचं फार मनावर घेऊ नका." मला ऐकू आलं, अक्का. त्याचा अर्थही कळला. कळल्यावर मी काय केलं, तर ते ऐकलंच नाही असं ठरवलं. कारण तुला पाणी द्यायचं म्हणजे डॉक्टरांचं कबूल करायचं. मी परत आत आलो. तू म्हणालीस, "बसू, एक गिलास दे. भरून दे."

मी म्हणालो, "उद्या डायलिसिस झालं की देतो."

तू म्हणालीस, "बरं."

मला तू शिव्या द्यायला हव्या होत्यास. लहानपणी मी तुझी पेन्सिल घेतली तर तू घर डोक्यावर घ्यायचीस. त्या दिवशी नुसतं "बरं" म्हणालीस आणि माझ्याकडे न बघता भिंतीकडे वळलीस. मी कापूस भिजवून तुझ्या ओठांना लावला. तू तो चोखलास. मी तरीही गिलास भरला नाही. माझ्या पिशवीत माझ्याच प्लांटची बाटली होती, भरलेली.

हे मी सुनंदालाही सांगितलं नव्हतं.

तर काल. बसायला येणारी माणसं येत होती, पंखे चालू होते, इन्व्हर्टर त्या पंख्यांनीच संपवला होता आणि दुपारी लाइट गेली. मी तुझ्या खोलीत गेलो. पंप बंद. आत जो वास होता तो मला पहिल्यापासून ओळखीचा होता. दगड मुरल्यावर नयीमनं आणून दिलेले तुझे दोन केशरी मासे. एक वाळूवर आडवा, दुसरा वर तोंड करून हवा गिळत होता. आपण लातूरला असताना सुनंदानं तू सांगितल्यासारखं पाणी घातलं होतं, तिची काही चूक नाही. पण पाणी बदलायचं राहिलं होतं, आणि उष्म्यानं टाकी चहासारखी कोमट झाली होती.

मी नयीमला फोन लावला. तो रडायला लागला, तुझ्यासाठी. मी त्याला रडू दिलं नाही. म्हणालो, "नयीम, टाकी चालली."

तो लगेच सावरला. "मेलेला आधी भायेर काढा. बर्फाची बाटली सोडा पान्यात. अन् अर्धं पानी बदला, आत्ताच्या आत्ता. मीठ हाय ना?"

"मीठ अक्काजवळ आहे."

"म्हंजे?"

मी सांगितलं. 

"घरातलं टाकू?" मी विचारलं.

"नक्को, अण्णा, नक्को. भाजीचं मीठ नक्को." मग म्हणाला, "आज रातच्या बसनं मीठ पाठवतो, डायव्हरजवळ देतो. तोवर पान्यात हवा जाऊ द्या. पंप बंद तर हातानं. तांब्यानं घ्या, उंचावरून सोडा, परत घ्या, परत सोडा. थांबू नक्को. मासा वाचंल न वाचंल, दगड वाचवा. मॅडमचा जीव दगडात व्हता."

मी तांब्या घेतला. टाकीतून भरायचा, वरून दगडावर सोडायचा. हात भरून आले. किती वेळ गेला माहीत नाही. मी पुन्हा पुन्हा "थांबू नको" एवढंच पुटपुटत होतो आणि ते कुणाला म्हणत होतो ते मला कळत नव्हतं. दारात पार्वतीबाई उभ्या होत्या.

"काय करायलास, बसू?"

"पाणी घालायलोय."

"कशावर?"

"अक्काच्या दगडावर."

त्यांनी चप्पल दाराबाहेर काढली. डोक्यावर पदर घेतला. आत येऊन हात जोडले आणि हळूच सुरू केलं, "ॐ नमः शिवाय, ॐ नमः शिवाय." मला वाटलं सांगावं. पण हात थांबवला तर बोलता येईल, आणि हात थांबवायचा नव्हता. तोवर बाहेरची माणसं आत यायला लागली. कोणीतरी बेलाचं पान आणलं, ते मात्र मी आत टाकू दिलं नाही. काका आले, माझा खांदा धरला, म्हणाले, "बाजूला सर. दमलास. दे माझ्याकडं."

आणि मी तांब्या त्यांना दिला.

अक्का, गावानं तुझ्या दगडावर पाणी घातलं. काकांनंतर पार्वतीबाई, मग त्यांचा जावई, मग ज्यांची नावंही मला येत नाहीत ती माणसं. ज्यांनी तुझ्या पाण्यावरून टोमणे मारले तेही रांगेत होते. एक थेंब वाया गेला नाही. टाकीतलंच पाणी टाकीत. वास येत होता, कोणी नाक दाबलं नाही. लाइट येईपर्यंत हे चाललं. पंप गुरगुरला तेव्हा बायका "हर हर महादेव" म्हणाल्या. मी भिंतीला टेकून उभा होतो आणि त्या सगळ्यांना फसवत होतो.

दुसरा मासाही गेला. तो मी तुझ्या तुळशीत पुरला.

आज सकाळी स्टँडवरून मीठ आणलं. तू करायचीस तसं केलं. पातेलं, काटा, वाट पाहणं. माझा काटा सारखा वाकडा दिसत होता, मग लक्षात आलं की डोळे भरलेत. अर्धं पाणी काढलं, नवं सोडलं. दगड जागेवरच आहे. त्याच्यावर चढलेला जांभळा रंग काही ठिकाणी पांढरा पडलाय. भोकांतून काही बाहेर येत नाही. नयीमला विचारलं तर म्हणाला, "आता थांबायचं. दुसरं काय हातात न्हाई."

दुपारी काका बसले होते. सुपारी कातरत म्हणाले, "बसू, सगळ्यांशी बोललो. समाधीवर ओटा बांधू अन् अक्काचा तो दगड वर बसवू. रोज पाणी घालायची ती त्याला. तिथंच शोभंल."

मी म्हणालो, "नाही काका. तो देता येणार नाही."

"का?"

"उन्हात मरंल तो."

"दगड मरत असतोय का?"

"हा मरतो. जित्ता हाय तो."

"म्हणून तर म्हणायलोय."

 मग मी सगळं सांगितलं. तो देव नाही, समुद्रातल्या जिवांचं घर आहे हे सांगितलं. ड्रमातलं मीठ कुठलं होतं ते सांगितलं. काल तो अभिषेक नव्हता, पाण्यात हवा मिसळत होतो, हे सांगितलं. बोलता बोलता गिलासाचंही सांगितलं, अक्का. ते सांगायचं ठरवलं नव्हतं. डॉक्टर काय म्हणाले, तू काय मागितलंस, मी काय केलं. सुनंदा स्वयंपाकघराच्या दारात होती, तिनंही ऐकलं.

काकांचा अडकित्ता थांबला होता. मला वाटलं उठून जातील. खरं तर जावं असंच मला वाटत होतं. ते उठले, पण तुझ्या खोलीकडे वळले. म्हणाले, "दाव."

मी भिंग दिलं. गुडघ्यावर हात टेकून ते वाकले आणि काचेला नाक लावून बघत राहिले. कितीतरी वेळ.

"काही दिसंना, रे."

"मलाही दिसत नाही, काका."

"मग जित्ता हाय हे कशावरनं?"

 मी म्हणालो, "अक्का म्हणायची."

ते पुन्हा वाकून बघायला लागले. खिडकीतलं ऊन सरकत सरकत टाकीच्या काचेवर आलं होतं. काकांनी माझ्याकडे न बघता हात वर केला आणि म्हणाले, "पडदा ओढ. ऊन लागायलंय त्येला."

मी पडदा ओढला, अक्का.